पुणे लोकसभा : बालेकिल्ला नेमका कुणाचा?

प्रश्न असा आहे : "पुणे लोकसभा मतदारसंघ काँग्रेसचा पारंपरिक बालेकिल्ला होता आणि मोदी लाटेत तो भाजपकडे गेला, असे एकजण सांगतो. दुसरा म्हणतो, पुणे मुळातच हिंदुत्ववादी विचाराचे शहर, काँग्रेस मधेमधे नशिबाने निवडून यायची. १९५२ पासूनचे निकाल पाहिले तर खरे काय दिसते?"

मतदार याद्या, बूथनिहाय आकडे आणि मतमोजणीच्या फेऱ्या हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही म्हणणी चूक आहेत. २०१४ पर्यंत पुणे कुणाचाही बालेकिल्ला नव्हता. २०१४ पासून भाजपने तीन वेळा निम्म्याहून अधिक मते घेऊन ही जागा जिंकली आहे, आणि असे वर्चस्व पुण्यात क्वचितच दिसले आहे. पण तो विजय ज्या मतदारसंघात मिळाला तो जुना पुणे मतदारसंघ नाही. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करू नये.

आधी नुसती यादी डोळ्यांखालून घाला. १९५२ ला पुणे मध्यमधून काकासाहेब गाडगीळ, काँग्रेस. १९५७ ला नानासाहेब गोरे, प्रजासमाजवादी. १९६२ ला शंकरराव मोरे, काँग्रेस. १९६७ ला एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी. १९७१ ला मोहन धारिया, काँग्रेस. १९७७ ला पुन्हा मोहन धारिया, पण जनता पक्ष. १९८०, १९८४ आणि १९८९ ला विठ्ठलराव गाडगीळ, काँग्रेस. १९९१ ला अण्णा जोशी, भाजप. १९९६ ला सुरेश कलमाडी, काँग्रेस. १९९८ ला विठ्ठल तुपे, काँग्रेस. १९९९ ला प्रदीप रावत, भाजप. २००४ आणि २००९ ला कलमाडी, काँग्रेस. २०१४ ला अनिल शिरोळे, २०१९ ला गिरीश बापट, २०२४ ला मुरलीधर मोहोळ, तिघेही भाजप.

बेरीज केली तर १८ निवडणुकांत काँग्रेस १०, भाजप ५ आणि समाजवादी-जनता परंपरा ३. काँग्रेसवाले हा दहाचा आकडा पुढे करतात. पण क्रम पाहा. १९५२ ते १९८० या सात निवडणुकांत पुण्याने प्रत्येक वेळी पक्ष बदलला आहे. एकदाही तोच पक्ष लागोपाठ दोनदा आलेला नाही. धारिया दोनदा आले, पण मधल्या काळात त्यांनी स्वतःच पक्ष बदलला होता. लागोपाठ तीन विजय मिळवणे पुण्यात आजवर दोनदाच जमले आहे : ऐंशीच्या दशकात विठ्ठलराव गाडगीळांना, आणि आता भाजपला तीन वेगवेगळे उमेदवार देऊन.

जाता जाता आणखी एक गोष्ट. १९५२ मध्ये पुण्याच्या नावाने दोन जागा होत्या, मध्य आणि दक्षिण. दक्षिणेतून काँग्रेसच्या इंदिरा मायदेव निवडून आल्या. त्यानंतर पुण्याच्या जागेवरून एकही स्त्री लोकसभेत गेलेली नाही. स्त्रीशिक्षणाचा वारसा सांगणाऱ्या शहराच्या सर्वच पक्षांना याचे उत्तर द्यावे लागेल.

आता १९५७. पुण्याचे राजकारण समजून घ्यायचे तर मी नेहमी या निवडणुकीपासून सुरुवात करायला सांगतो. काकासाहेब गाडगीळ साधे उमेदवार नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते बांधकाम, खाणी आणि वीज या खात्यांचे मंत्री होते. मुंबई महाराष्ट्रातच असली पाहिजे, ही बाजू त्यांनी लोकसभेत ठामपणे मांडली होती. म्हणजे शहराच्या मनातला मुद्दा त्यांचाही मुद्दा होता. तरी ते पडले, कारण ते ज्या पक्षाच्या चिन्हावर उभे होते त्याच पक्षाने नोव्हेंबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य लादले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापनाच पुण्यात झाली होती, ६ फेब्रुवारी १९५६ ला टिळक स्मारक मंदिरात, केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी पुण्याचेच. प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि इतर पक्ष एका बाजूला उभे राहिले. एरवी ही मंडळी एकमेकांच्या सभेला गेली नसती. आणि समोर उमेदवार कोण, तर १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पहिली तुकडी घेऊन गेलेले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेले नानासाहेब गोरे.

या निकालावरून पुणेकरांनी समाजवाद स्वीकारला असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. १९६२ ने तो खोटा ठरवला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, समितीचा हेतू पूर्ण झाला, घटक पक्ष पांगले आणि जागा काँग्रेसकडे परत गेली. त्या वेळी निवडून आलेले शंकरराव मोरे मूळचे शेतकरी कामगार पक्षाचे. त्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, आणि १९५२ मध्ये सोलापुरातून याच पक्षातर्फे लोकसभेत गेलेले. म्हणजे काँग्रेसने पुणे परत घेतले ते विरोधी परंपरेतून आलेल्या माणसाला पुढे करून. हा बारकावा महत्त्वाचा आहे. पुण्यात काँग्रेसचे स्वतःचे एक पक्के मत होते. पण नुसत्या त्या मतावर जागा निघत नसे. विरोधक एकत्र आले की काँग्रेस पडायची, ते पांगले की ती निवडून यायची.

१९६७ मध्ये हेच झाले. देशभर बिगरकाँग्रेसी पक्षांनी जागांबाबत समजूत करून घेतलेली, आणि पुण्यात उमेदवार एस. एम. जोशी. वैयक्तिक चारित्र्याबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती असा माणूस. ते आले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या बाजूने देश झुकला आणि पुणेही झुकले. धारिया त्या वेळी काँग्रेसमधल्या 'तरुण तुर्क' म्हणवल्या जाणाऱ्या बंडखोर गटातले होते. पुढे मार्च १९७५ मध्ये जयप्रकाशांशी बोलणी करा, अशी जाहीर भूमिका घेतल्यामुळे त्यांचे मंत्रिपद गेले आणि आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ ला तेच धारिया जनता पक्षातर्फे पुण्यातून निवडून आले आणि केंद्रात वाणिज्यमंत्री झाले. सहा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाला परस्परविरोधी बाजूंनी निवडून देणारे शहर पक्षाशी बांधलेले असते असे मला वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार लिहीत नाही. जनता पक्ष फुटला, १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती होती, आणि विठ्ठलराव हे काकासाहेबांचे चिरंजीव, अभ्यासू आणि शहरात मान असलेले. तीन वेळा आले. पण याच दहा वर्षांत खाली एक बदल होत होता. विरोधी मतांची जागा समाजवाद्यांच्या हातून भाजपकडे सरकत होती. एस. एम. आणि नानासाहेबांच्या मागे उभा राहणारा पेठांतला मध्यमवर्ग, बँक-विमा-शाळा-सरकारी नोकरीतला, हळूहळू कमळाकडे गेला. त्या मतदाराने समाजवाद सोडून हिंदुत्व धरले, इतका सरळ हा प्रवास नव्हता. काँग्रेसविरोधी मत त्याच्या घरात आधीपासून होतेच. ते ठेवायला भक्कम जागा कोणती, हे त्याने बदलले. म्हणून "पुणे मुळातच हिंदुत्ववादी" हे विधान मला पटत नाही. १९५७ आणि १९६७ ला याच शहराने समाजवाद्यांना लोकसभेत पाठवले, हे त्या विधानात बसत नाही.

१९९१ ला अण्णा जोशी भाजपचे पुण्यातले पहिले खासदार झाले. ते तेव्हा कसब्याचे आमदार होते, त्यामुळे कसब्यात पोटनिवडणूक लागली. भाजपने तरुण गिरीश बापटांना उभे केले आणि लोकसभा जिंकून काही काळच लोटलेला असताना भाजप कसब्यात हरला, काँग्रेसचे वसंत थोरात आले. पुढे १९९५ पासून बापटांनी कसबा सलग पाच वेळा जिंकला, पण ती पहिली हार विसरू नका. कसब्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१९९६ ते २००९ हा काळ कलमाडींचा मानला जातो. पुणे फेस्टिव्हल, आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, शहरभर पसरलेले कार्यकर्ते, नगरसेवकांवर पकड. १९९६ ला त्यांनी बापटांना हरवले. पण या काळातली सर्वांत शिकवणारी निवडणूक म्हणजे १९९८ ची. कलमाडी काँग्रेसबाहेर पडले, पुणे विकास आघाडी काढली आणि अपक्ष उभे राहिले. भाजप-शिवसेनेने स्वतःचा उमेदवार न देता त्यांना पाठिंबा दिला. कागदावर हे गणित अजिंक्य होते : कलमाडींची स्वतःची मते अधिक युतीची मते. प्रत्यक्षात काँग्रेसचे विठ्ठल तुपे निवडून आले. ज्यांच्याविरुद्ध दोन वर्षांपूर्वी घरोघर फिरून प्रचार केला, त्यांच्यासाठी आता चिठ्ठ्या वाटायच्या, हे युतीच्या कार्यकर्त्याला जड गेले. आणि कलमाडींची म्हणून जी मते धरली होती त्यातली बरीच मुळात काँग्रेसच्या हाताची होती. नेत्यांनी हातमिळवणी केली म्हणजे मते मिळतात असे नाही. १९५७ ला मिळाली कारण मतदार आधीच एकत्र आला होता, पक्ष त्याच्या मागून आले. १९९८ ला तसे काहीच नव्हते.

पुढच्याच वर्षी उलटे झाले. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली, सप्टेंबरमध्ये निवडणूक, काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध उभे. भाजपने या वेळी स्वतःचा माणूस दिला आणि प्रदीप रावत निवडून आले. २००४ ला दोन्ही काँग्रेस एकत्र होत्या, कलमाडी परतले होते, रावत पडले. जो एकत्र तो जिंकतो, जो पांगतो तो पडतो, हा पुण्यातला जुना नियम शेवटचा स्वच्छ दिसतो तो इथे.

आता सीमारेषांकडे येऊ. राजकीय चर्चेत याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर पुणे लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ आले : वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कँटोन्मेंट आणि कसबा पेठ. यातला कँटोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव. भवानी पेठ आणि बोपोडी हे जुने विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेले. कोथरूड आणि वडगाव शेरी हे नवे. शहराचे दोन मोठे तुकडे मात्र या मतदारसंघात नाहीत. सिंहगड रस्ता, धायरी, वारजे हा भाग खडकवासल्यात, आणि खडकवासला बारामती लोकसभेत. हडपसर, कोंढवा हा भाग हडपसर विधानसभेत, आणि ती शिरूर लोकसभेत. महापालिकेला कर भरणारे लाखो पुणेकर पुण्याच्या खासदाराला मत देऊच शकत नाहीत. त्यानंतर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावे महापालिकेत आली, पण लोकसभेची रेषा जागची हललेली नाही. म्हणून "पुणे शहराचा कौल" असे म्हणताना आपण शहराच्या एका भागाबद्दल बोलतो आहोत, हे ध्यानात असू द्या.

कोथरूड वेगळे होण्याचा अर्थही समजून घ्या. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतले वाडे पडत गेले आणि तिथली कुटुंबे नदी ओलांडून कोथरूडला आली. नंतर त्यांच्यासोबत आयटीतला आणि बाहेरगावहून आलेला नोकरदार वर्ग स्थिरावला. भाजपचा सर्वांत पक्का मतदार ज्या भागात राहतो तो असा एका विधानसभेत एकवटला. दुसरीकडे जुन्या भवानी पेठेतला कष्टकरी, मुस्लिम आणि दलित वस्त्यांचा पट्टा एकसंध राहिला नाही. कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली आणि लोकसंख्या पश्चिमेला सरकलीच होती. पण परिणाम व्हायचा तो झाला.

गंमत अशी की नव्या सीमांवरची पहिली निवडणूक, २००९ ची, काँग्रेसने जिंकली. महापालिकेत २००७ पासून 'पुणे पॅटर्न' चालू होता. राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप यांनी मिळून कलमाडींच्या काँग्रेसला सत्तेबाहेर ठेवले होते. अशा वातावरणात कलमाडी २५,७०१ मतांनी आले. त्यांना २,७९,९७३ आणि भाजपच्या अनिल शिरोळ्यांना २,५४,२७२. मनसेचे रणजित शिरोळे पाऊण लाखाच्या आसपास आणि बसपचे डी. एस. कुलकर्णी साठ हजारांच्या पुढे. या दोघांनी घेतलेली मते बहुतांशी काँग्रेसविरोधी घरातली होती. मतदान जेमतेम चाळीस टक्के. म्हणजे नव्या मतदारसंघात काँग्रेस जिंकली ती दहापैकी सहा मतदार घरी बसलेले असताना आणि विरोधी मते तीन ठिकाणी वाटली गेलेली असताना.

याच्या शेजारी २०१४ ठेवा. काँग्रेसने कलमाडींऐवजी विश्वजित कदम यांना उमेदवारी दिली. शिरोळ्यांना ५,६९,८२५ आणि कदमांना २,५४,०५६, फरक ३,१५,७६९. सगळीकडे छापून आले की काँग्रेसचा मतदार भाजपकडे गेला. आकडे तसे सांगत नाहीत. २००९ च्या तुलनेत काँग्रेसची मते घटली फक्त २५,९१७. भाजपची वाढली ३,१५,५५३. ही मते आली कुठून? मतदान चाळीस टक्क्यांवरून चौपन्नच्या आसपास गेले, म्हणजे अडीच लाखांहून अधिक जास्तीची मते पडली. बसपचा आकडा चाळीस हजारांहून अधिक खाली आला. मनसेची मते उलट थोडी वाढली, दीपक पायगुडे यांना नव्वद हजारांच्या वर मते होती. या नोंदी जुळवल्या की हिशोब जवळजवळ तंतोतंत बसतो. भाजपचा तो विजय मुख्यतः आधी घरी बसणाऱ्या मतदाराने दिला. हा मतदार कोथरूड, बाणेर-औंध, पर्वतीतल्या सोसायट्यांत राहत होता, त्याचे नाव यादीत होते, पण तो २००९ ला केंद्रावर गेला नव्हता.

आणि हे सगळे १७ एप्रिल २०१४ च्या त्या दिवशी, ज्या दिवशी पुण्यात असंख्य लोकांना केंद्रावर जाऊन कळले की आपले नाव यादीतून गेले आहे. लोक चिडले, निवेदने गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. पुण्याच्या टक्केवारीवर बोलताना मी म्हणूनच जपून बोलतो. कोल्हापुरात सत्तर टक्क्यांच्या वर मतदान होते आणि पुण्यात पन्नासच्या आसपास, यावरून पुणेकर आळशी असे लगेच म्हटले जाते. पुण्याची यादी मात्र वेगळी आहे. भाड्याची घरे बदलणारे, शिकून गेलेले विद्यार्थी, परदेशी गेलेली मुले, कोथरूडला आले तरी जुन्या पेठेत नाव राहिलेले, दुबार नावे, वारलेल्यांची नावे. भागिले खालचा आकडा फुगलेला असला की टक्का कमीच दिसणार. काही पुणेकर सुट्टी साधून महाबळेश्वरला जातात हेही खरे, पण सगळी तूट त्यांच्यामुळे होत नाही.

२०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पक्की होती, तरी बापटांनी मोहन जोशींना ३,२४,६२८ मतांनी हरवले. ६,३२,८३५ विरुद्ध ३,०८,२०७. मतदान पन्नासला किंचित कमी. जुना नियम इथे तुटला. विरोधक एकत्र असूनही हरले, कारण समोर एकट्या पक्षाकडे साठ टक्क्यांच्या आसपास मते होती. वंचित बहुजन आघाडीने साठ हजारांहून अधिक मते घेतली, ती जोडली तरी फरक पडत नव्हता.

मग मार्च २०२३ चा कसबा. भाजपच्या आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली. भाजपने टिळक कुटुंबाबाहेर हेमंत रासने यांना उमेदवारी दिली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजारांनी जिंकले. अठ्ठावीस वर्षांचा गड पडला, अशा बातम्या झाल्या. गिरीश बापट त्या प्रचारात प्राणवायूची नळी लावून आले होते. निकालानंतर महिनाभरात, २९ मार्चला त्यांचे निधन झाले. कसब्याच्या निकालाची अनेक कारणे दिली गेली, त्यात ब्राह्मण मतदाराची नाराजी सगळ्यांत पुढे होती. माझ्या दृष्टीने मोठे कारण धंगेकरांचे वर्षानुवर्षांचे काम होते. मनसेत असतानाही त्यांनी बापटांना विधानसभेत घाम फोडला होता. रात्री-अपरात्री फोन उचलणारा नगरसेवक पेठेत पक्षापेक्षा मोठा ठरतो. पण विधानसभेच्या पोटनिवडणुकीतली ही ताकद सहा पट मोठ्या मतदारसंघात तशीच्या तशी चालत नाही, आणि काँग्रेसने २०२४ ला धंगेकरांना उभे करताना हा धोका पत्करला.

२०२४ कडे जाण्याआधी एका गोष्टीबद्दल बोललेच पाहिजे, कारण मला त्याचा आजही त्रास होतो. बापट गेल्यानंतर पुण्याला वर्षाहून अधिक काळ खासदार नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१ अ सांगते की रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी. उरलेली मुदत एका वर्षापेक्षा कमी असेल, किंवा पोटनिवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून प्रमाणित केले, तर सवलत. बापटांच्या निधनाच्या दिवशी लोकसभेची मुदत एक वर्षाहून जास्त उरली होती. तरी पोटनिवडणूक झाली नाही. इतर निवडणुकांची कामे आणि नव्या खासदाराला मिळणारा अल्प काळ, ही कारणे आयोगाने दिली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळून निवडणूक घ्या असा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि सार्वत्रिक निवडणूकच आली. वीस लाखांच्या आसपास मतदारांना इतका काळ प्रतिनिधीविना ठेवणे चूक होते. पक्ष कोणताही असो, मी हे असेच म्हटले असते.

१३ मे २०२४ ला मतदान झाले. मोहोळांना ५,८४,७२८, धंगेकरांना ४,६१,६९०, फरक १,२३,०३८. वंचितचे वसंत मोरे बत्तीस हजारांच्या आसपास. हा निकाल दोन्ही बाजूंनी घाईने वाचला गेला. भाजपने म्हटले गड राखला, काँग्रेसने म्हटले नैतिक विजय. आकडे २०१९ शी ताडून पाहा. भाजपची मते ४८,१०७ ने घटली. काँग्रेसची १,५३,४८३ ने वाढली. म्हणजे भाजपचा तुटलेला प्रत्येक मतदार काँग्रेसकडे आला असे मानले तरी लाखभर मते दुसरीकडून आली आहेत. काही वंचितच्या घटलेल्या मतांतून, बाकी वाढलेल्या मतदानातून. २०१४ ला भाजपने घरातला मतदार बाहेर काढला होता, २०२४ ला प्रमाण लहान असले तरी तेच काँग्रेसने केले, विशेषतः मुस्लिम आणि दलित वस्त्यांत. कँटोन्मेंटमध्ये धंगेकर पुढे होते. शिवाजीनगरमध्ये चुरस होती. पण एकट्या कोथरूडने मोहोळांना सत्तर हजारांहून अधिक आघाडी दिली, म्हणजे एकूण मताधिक्याचा निम्म्याहून मोठा वाटा. आणि ज्या कसब्याने वर्षभरापूर्वी धंगेकरांना डोक्यावर घेतले होते तिथेही मोहोळच पुढे राहिले. मोहोळ केंद्रात राज्यमंत्री झाले. धंगेकर नोव्हेंबर २०२४ ला कसब्यात रासन्यांकडून हरले आणि २०२५ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. नेत्याच्या नावावर जमा झालेल्या मतांचे पुढे काय होते, हा १९९८ चा प्रश्न काँग्रेससमोर पुन्हा उभा आहे.

तर बालेकिल्ला शब्द वापरायचाच असेल तर तो कोथरूडला वापरा, आणि काही प्रमाणात पर्वतीला. अख्ख्या मतदारसंघाला तो लागू होत नाही. वडगाव शेरी २०१९ च्या विधानसभेत राष्ट्रवादीकडे गेली आणि २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाकडे, पण २०२४ च्या लोकसभेत तिथे मोहोळांना आघाडी होती. म्हणजे तोच मतदार सहा महिन्यांत दोन वेगवेगळी मते देतो.

तुम्हाला हे स्वतः पडताळायचे असेल तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक निवडणुकीचा 'फॉर्म २०' मिळतो. त्यात केंद्रनिहाय मते असतात. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुका एकाच सीमेवर झाल्या आहेत, त्यामुळे यांची आपसात तुलना बिनधोक करा. २००४ आणि त्याआधीचे आकडे त्यांत मिसळू नका. केंद्रांचे क्रमांक दर वेळी बदलतात, म्हणून क्रमांकावरून जुळवू नका, शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून जुळवा. टक्केवारीपेक्षा प्रत्येक पक्षाची प्रत्यक्ष मते आधी लिहा. सुरुवात कोथरूड आणि कँटोन्मेंट या दोनच विधानसभांपासून केलीत तरी पुरे, कारण मतदारसंघाची दोन टोके तिथेच सापडतात.